क्राउन पुन्हा पुन्हा तुटतो: मटेरियल बदलण्याआधी तुटलेला तुकडा बघा

दाढेवरचा सिरॅमिक क्राउन, म्हणजे दातावरची कॅप, वर्ष-दीड वर्षात तुटतो. नवा करून बसवला की तोही जातो. मग लॅबला निरोप जातो, "यापेक्षा मजबूत काहीतरी द्या." लॅब लिथियम डायसिलिकेटऐवजी (हे काचेचा अंश असलेलं सिरॅमिक) झिर्कोनिया (हे काच नसलेलं सिरॅमिक) पाठवते. तिसरा क्राउन तुटला नाही तर निखळून हातात येतो, आणि कधी कधी तुटतोसुद्धा. असं झालं की मटेरियलला बोल लावून उपयोग नसतो, कारण जागा, चिकटवणं, भट्टी किंवा चावा यांपैकी कशात तरी चूक पहिल्यापासून तशीच राहिलेली असते.

आधी आकड्यांचं बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. कॅटलॉगमध्ये लिहिलेली ताकद म्हणजे वाकवून मोडण्याची ताकद, मेगापास्कलमध्ये. फेल्डस्पॅथिक पोर्सेलिन ६० ते १२०, लिथियम डायसिलिकेट साधारण ३६० ते ५००, ३वाय झिर्कोनिया (आकडा म्हणजे त्यातल्या यिट्रियाचं मोल टक्क्यांतलं प्रमाण) ९०० ते १२००, आणि जास्त पारदर्शक ५वाय झिर्कोनिया साधारण ४०० ते ७००. हे आकडे आयएसओ ६८७२ या मानकातल्या चाचण्यांचे आहेत. त्यातल्या एका चाचणीत १२ ते १६ मि.मी. व्यासाची, सुमारे १.२ मि.मी. जाडीची, आरशासारखी पॉलिश केलेली चकती मोडतात. तोंडातला क्राउन या चकतीसारखा नसतो. त्याच्यावर मिलिंगचे, म्हणजे मशीनने कोरल्याचे, ओरखडे असतात, आतून वाळूचा मारा झालेला असतो, बसवताना बर (घासायचं फिरतं टोक) फिरलेला असतो आणि तो कायम ओला असतो. काचेचा अंश असलेल्या सिरॅमिकमध्ये पाणी भेगेच्या टोकाशी सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तोडत जातं, त्यामुळे मोडण्याच्या ताकदीपेक्षा बऱ्याच कमी भारातही भेग हळूहळू पुढे सरकते. "इतके दिवस ठीक होता, पोळी खाताना तुटला" असं पेशंट सांगतो त्याचं कारण हेच. पोळीने काही बिघडवलेलं नसतं, भेग आधीच तिथवर पोचलेली असते.

दुसरी गोष्ट जाडीची. चकती किंवा पट्टी वाकून मोडायला लागणारा भार जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १.५ मि.मी.चा क्राउन १.२ वर आला तर ६४ टक्के उरतो, १.० वर आला तर ४४ टक्के. ४०० मेगापास्कलचं डायसिलिकेट १.५ मि.मी. जाड असेल तर ताकद आणि जाडीचा वर्ग यांचा गुणाकार ९०० येतो, १००० मेगापास्कलचा झिर्कोनिया ०.८ मि.मी. असेल तर ६४०. हिशेब ढोबळ आहे, कारण खालच्या डेंटिनचा (दाताच्या आतल्या थराचा) आधार आणि बाँड (सिमेंटची पकड) त्यात धरलेला नाही. तरी "झिर्कोनिया आहे, पातळ चालेल" म्हणताना किती उधळलं जातं ते यावरून कळतं. त्यात तो झिर्कोनिया ५वाय निघाला तर बोलायलाच नको. ५वायमध्ये घन स्फटिकरूप सुमारे निम्मं असतं. ३वायमध्ये भेग शिरली की तिच्या टोकाशी स्फटिक रूप बदलून ४-५ टक्के फुगतात आणि भेग दाबून धरतात. ५वायमध्ये ही सोय जवळजवळ नसते, म्हणून त्याची भेगरोधकता डायसिलिकेटच्या आसपासच राहते. दोन्हींवर नाव मात्र "झिर्कोनिया" एवढंच असतं. लॅब स्लिपवर ३वाय, ४वाय की ५वाय ते लिहा आणि परत येणाऱ्या कामासोबत डिस्कचा (ज्या चकतीतून क्राउन कोरतात तिचा) लॉट नंबर मागा.

तुकडा कसा वाचायचा

तुकडे टाकू नका. पेशंटने फोन केला की तुकडा सुक्या डबीत ठेवून आणायला सांगा. तो परत जागेवर बसवून बघू नये आणि दोन तुकडे एकमेकांना जुळवून बघू नयेत. कडा घासल्या की खुणा जातात, मग काहीच कळत नाही. तुकडा अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिकला लावून धुवा, वाळवा आणि १० ते ४० पट भिंगाखाली धरा. उजेड वरून न टाकता बाजूने, जवळजवळ आडवा टाका. वरून टाकला तर सगळं पांढरं दिसतं.

तीन खुणा शोधायच्या. पहिली म्हणजे शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा. भेग थांबत थांबत पुढे गेल्याच्या त्या खुणा असतात, आणि रेषेची पोकळ बाजू जिकडे तोंड करते तिकडे सुरुवात असते. दुसरी, बारीक छिद्रामागे उठलेलं शेपूट. शेपूट भेगेच्या वाटेने पुढे जातं, म्हणून उगम त्याच्या उलट बाजूला. तिसरी, एका कडेला ओठासारखा वळलेला भाग. तो भेगेच्या शेवटी, दाबाच्या बाजूला तयार होतो, म्हणजे उगम समोरच्या बाजूला आहे. तोंडात राहिलेल्या भागाचा लाइट बॉडी सिलिकोनने ठसा घेऊन त्यात इपॉक्सी ओतली की नक्कल हातात येते. कागदावर क्राउनचं साधं चित्र काढून त्यावर उगमाची जागा खूण करून ठेवा. पुढचा सगळा तपास त्या ठिपक्यावर आहे.

उगम आतल्या पृष्ठभागावर, मधल्या खाचेखाली

हे डायसिलिकेटचं नेहमीचं रडगाणं. क्राउन दोन-तीन तुकड्यांत फुटतो आणि भेग सिमेंटच्या बाजूने निघालेली असते. पहिला संशय जाडीवर. खाचेतली जाडी मोजा, कस्पची (दाढेच्या उंचवट्याची) नाही. कस्पवर २ मि.मी. भरते म्हणून सगळे खूश असतात आणि खाचेत ०.९ असते. टोकदार तोंडाचा कॅलिपर लागतो, रुंद तोंडाचा खाचेत पोचतच नाही.

डायसिलिकेटला चावण्याच्या पृष्ठभागावर १.५ मि.मी. जागा द्या. पूर्ण अधेसिव्ह पद्धतीने बाँड होणार असेल तर काही उत्पादक १.० पर्यंत चालवतात, पण ती सवलत बाँड नीट झाला तरच लागू असते. जागा पुरेशी आहे की नाही ते तात्पुरता क्राउन सांगतो. चाव्यात बसवून घासून झाला की काढून खाचेत कॅलिपर लावा. १.१ दाखवला तर स्कॅन करू नका, आधी प्रेप (क्राउनसाठी घासून तयार केलेला दात) आणखी खाली घ्या. यात एक फसवणूक आहे. कमानीतली शेवटची दाढ प्रेप केली की कधी कधी जबडा किंचित वर बसतो आणि मिळवलेली जागा काही मिनिटांत नाहीशी होते. बर फिरवताना १.५ होती, ठसा घेताना ती उरत नाही. म्हणून शेवटच्या दाढेवर मापाचा लवचीक टॅब स्कॅनच्या आधी पुन्हा एकदा घालून बघा.

जाडी पुरेशी असूनही उगम आत असेल तर प्रेपचे कोपरे बघा. मिलिंगच्या टूलला व्यास असतो. टूल १ मि.मी.चं असेल आणि प्रेपची धार त्याहून बारीक असेल, तर मशीन क्राउनच्या आतून जास्तीचं मटेरियल काढतं आणि नेमक्या त्याच जागी क्राउन पातळ होतो. पुढच्या दातांत हा दोष सर्रास दिसतो. प्रेपची धार किमान १ मि.मी. जाड ठेवा आणि आतले सगळे कोपरे गोल करा.

मग चिकटवणं. डायसिलिकेटला ५ टक्के एचएफ (हायड्रोफ्लुओरिक ॲसिड) २० सेकंद पुरतं. फेल्डस्पॅथिकच्या सवयीने ६० सेकंद ठेवलं की काचेचा भाग जास्त खाल्ला जातो आणि आतला पृष्ठभाग कमजोर होतो. लॅबने एच करून (ॲसिडने खरबरीत करून) पाठवलं आणि तुम्हीही पुन्हा एच केलं, तर तेच दुप्पट. लॅबला "एच करू नका" असं स्लिपवर लिहून सांगणं सगळ्यात सोपं. ट्राय-इन (न चिकटवता बसवून बघणं) झाल्यावर पाण्याने धुवा, एचएफ २० सेकंद, भरपूर पाणी, शक्य तर अल्ट्रासॉनिक, कोरडं करा, सायलेन (सिरॅमिक आणि रेझिन जोडणारं द्रव) ६० सेकंद, हवा मारा, मग रेझिन सिमेंट. आधी एच झालेला क्राउन लाळेत गेला असेल तर ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडने ६० सेकंद साफ करून धुवा आणि सायलेन लावा, एचएफ पुन्हा नको. एचएफ हाताळताना हातमोजे, गॉगल आणि टेबलावर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल पाहिजेच. त्वचेवर पडल्यावर लगेच दुखत नाही आणि तिथेच माणूस फसतो.

डायसिलिकेटचा पातळ क्राउन बाँड होण्याआधी चावून बघायला देऊ नका. ट्राय-इनला मार्जिन (क्राउनची हिरडीजवळची कड) आणि शेजारचे संपर्क तपासा, चावा सिमेंट पूर्ण घट्ट झाल्यावर.

उगम मार्जिनला, शेजारच्या दाताच्या बाजूला

अर्धचंद्रासारखा तुकडा निघालेला असतो, किंवा मार्जिनपासून भेग उभी वर गेलेली असते. बहुतेकांचा समज असा की भार वरून येतो म्हणजे भेगही वरून येणार. पण क्राउन खाली दाबला गेला की मार्जिनचं कडं बाहेर ताणलं जातं, आणि सिरॅमिकला ताण सोसत नाही. मार्जिन शेजारच्या दाताच्या बाजूला वर चढतं, तिथे हा ताण साठतो.

इथे क्राउन आतून घट्ट आहे का ते आधी बघा. फिट तपासायचं सिलिकोन आत भरा, बसवा, काढा. जिथे सिलिकोन फाटून सिरॅमिक उघडं दिसतं तिथे अडतंय. सिमेंटची जागा ५० मायक्रॉनच्या आसपास ठेवायला लॅबला सांगा. सगळेच क्राउन घट्ट येत असतील तर झिर्कोनियाचा आकुंचन गुणांक तपासा. झिर्कोनिया सिंटरिंगमध्ये (भट्टीत पक्का भाजताना) लांबीने २० ते २५ टक्के आकसतो आणि प्रत्येक लॉटवर वाढीव मापाचा गुणांक छापलेला असतो. डिस्क बदलली आणि सॉफ्टवेअरमध्ये जुनाच गुणांक राहिला की अख्खा लॉट घट्ट किंवा ढिला येतो.

दुसरं कारण मार्जिनची आकृती. सुरीसारख्या धारेवर डायसिलिकेट देऊ नका, १ मि.मी.चा गोल शोल्डर (पायरीसारखी कड) किंवा खोल चॅम्फर (वळणदार कड) हवा. तिसरं बसवण्याची पद्धत. शेजारचा संपर्क घट्ट असतो, क्राउन अर्ध्यात अडतो, आणि पेशंटला लाकडी काडी चावायला देऊन तो खाली ढकलला जातो. भेग तेव्हाच पडते आणि क्राउन काही महिन्यांनी तुटतो. आधी फ्लॉस घालून संपर्क तपासा, घट्ट असेल तिथे पॉलिशरने घ्या, आणि शेवटी बोटानेच दाबा.

फक्त वरचं पोर्सेलिन उडतं, झिर्कोनिया शाबूत

झिर्कोनियाच्या ढाच्यावर पोर्सेलिनचा थर चढवलेल्या क्राउनमध्ये हे होतं. भेग पोर्सेलिनमध्येच राहते आणि आतला पांढरा ढाचा उघडासुद्धा पडत नाही. ढाचा १००० मेगापास्कलचा असला तरी वरचं पोर्सेलिन १०० च्या आसपासचंच असतं आणि चावा त्याच्यावर येतो. इथे दोष बहुतेक लॅबच्या टेबलावर सापडतो. ढाचा सगळीकडे ०.५ मि.मी.च्या टोपीसारखा केला की कस्पखाली पोर्सेलिनचा थर २ मि.मी.च्या वर जातो आणि त्याला खालून आधार राहत नाही. ढाच्यालाच दाढेचा आकार द्या, म्हणजे पोर्सेलिन सगळीकडे १ ते १.५ मि.मी. राहील.

मग भट्टी. झिर्कोनियाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता फार कमी, अल्युमिनाच्या दशांश इतकी. भाजून झाल्यावर भट्टीचं तोंड एकदम उघडलं की बाहेरचं पोर्सेलिन लगेच घट्ट होतं, आतलं गरमच राहतं. नंतर आतलं आकसताना जाड थरात ताण कोंडला जातो. क्राउन दिसायला छान असतो, पण तो ताण घेऊनच क्लिनिकला जातो. शेवटच्या भाजणीत आणि ग्लेझनंतर (चकाकीचा थर भाजल्यावर), पोर्सेलिनचं तापमान त्याच्या ग्लास ट्रान्झिशन बिंदूखाली (काच मऊ व्हायला लागते त्या तापमानाखाली) येईपर्यंत, साधारण ५०० ते ६०० °से.च्या खाली, भट्टी बंदच ठेवा. नेमका आकडा पोर्सेलिनच्या पत्रकातून घ्या. पण हीच हळू थंड करायची सवय धातूवरच्या पोर्सेलिनला लावू नका. तिथे हळू थंड झालं की ल्युसाइट (पोर्सेलिनमधलं स्फटिक) वाढतं, प्रसरणांक (तापल्यावर फुगण्याचं प्रमाण) वर जातो आणि धातूशी मेळ बिघडतो.

बाटल्यांची सरमिसळ हा आणखी एक प्रकार. झिर्कोनियाचा प्रसरणांक सुमारे १०.५, त्यावरच्या पोर्सेलिनचा ९ ते १०, आणि धातूवरच्या पोर्सेलिनचा १३ च्या आसपास, सगळे १०⁻⁶ प्रति केल्व्हिन. धातूच्या बाटलीतलं पोर्सेलिन झिर्कोनियावर गेलं तर तडे लॅबमध्येच दिसतात, निदान तेवढं तरी बरं.

तरीही थांबत नसेल तर चावणारा पृष्ठभाग अखंड झिर्कोनियाचा ठेवा आणि पोर्सेलिन फक्त गालाकडच्या बाजूला घ्या. मागच्या दाढांवर पूर्ण पोर्सेलिन चढवायचा हट्ट आता धरू नये.

उगम चावण्याच्या पृष्ठभागावर, घासलेल्या डागाखाली

ग्लेझ उडालेला खडबडीत डाग आणि त्याखालून भेग. म्हणजे हाय पॉइंट (चावताना आधी लागणारी उंच जागा) काढताना बर फिरला आणि पॉलिश झालं नाही. सिरॅमिकवर कार्बाइड बर कधीच वापरू नका. ३० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक डायमंड, भरपूर पाणी, हलका हात, मग त्या मटेरियलचे पॉलिशर जाड, मध्यम, बारीक या क्रमाने. शेवटचा टप्पा वगळला तर समोरचा दातही झिजतो. झिर्कोनिया चकचकीत पॉलिश असेल तर समोरच्या एनॅमलला फारसा त्रास देत नाही, घासून तसाच सोडला तर कानशीसारखा चालतो.

चाव्याच्या रंगीत कागदाने डाग बघितल्यावर ८ मायक्रॉनची शिमस्टॉक (पातळ फॉइलची) पट्टी ओढून खात्री करा. भूल असताना पेशंट नीट चावत नाही, म्हणून आठवड्याने पुन्हा बोलवा. बाजूला सरकवताना कस्पच्या उतारावर येणारा संपर्क पूर्ण काढा. रात्री दात खाणाऱ्या पेशंटला नाइट गार्ड न देता चौथा क्राउन बनवत बसू नका.

रूट कॅनालसाठी क्राउनमधून वाट काढल्यावर हाच प्रश्न येतो. सिरॅमिकमधून नवं बारीक डायमंड, डेंटिन लागलं की कार्बाइड. भोक पडल्यावर आरपार उजेड टाकून कडेला केसासारख्या भेगा आहेत का बघा. दिसल्या तर क्राउन बदलायचाच असं धरून चाला.

तुटत नाही, पण निघून येतो

झिर्कोनियात काचेचा अंश नसतो, त्यामुळे एचएफने काही होत नाही. फॉस्फोरिक ॲसिडने साफ केलं तर उलट नुकसान, कारण एमडीपी (झिर्कोनियाला धरणारा प्रायमरमधला घटक) जिथे धरणार ती जागा फॉस्फेट अडवून बसतं. आत पेनने दोन रेघा मारा आणि ५० मायक्रॉन अल्युमिना १० मि.मी. अंतरावरून, नोझल हलतं ठेवून, रेघा जाईपर्यंत मारा. ३वायला २ बार, ५वायला १ बार. ५वायवर जास्त दाब दिला तर पडलेल्या बारीक भेगा दाबून धरायला आत काही नसतं. हा मारा ट्राय-इननंतर करा. आधी केला असेल तर लाळ लागल्यामुळे पुन्हा करा, किंवा झिर्कोनियासाठीचं क्लीनर वापरा. मग लगेच एमडीपी प्रायमर.

हे सगळं करूनही निघतो तेव्हा प्रेप मोजा. दाढेच्या भिंती ४ मि.मी., इतर दातांच्या ३ मि.मी. उंच, आणि समोरासमोरच्या भिंतींचा एकूण उतार १० ते २० अंश. २.५ मि.मी.च्या बुटक्या दाढेला सिमेंट एकटं धरून ठेवणार नाही. खोबणी करा किंवा हिरडीची उंची कमी करून घ्या.

सगळ्याच कामांत एकदम दोष आला तर

वेगवेगळ्या पेशंटचे क्राउन एकाच महिन्यात तुटायला लागले तर भट्टीकडे जा. डायसिलिकेटचा निळसर-जांभळा ब्लॉक मेटासिलिकेट (अर्धवट स्फटिक झालेल्या) अवस्थेत असतो आणि तेव्हा त्याची ताकद १५० मेगापास्कलच्या आसपासच असते. सुमारे ८४० ते ८५० °से.ला स्फटिकीकरण पूर्ण झालं की खरी ताकद येते. रंगात जांभळी छटा राहिली असेल तर भाजणी अपुरी आहे. पोर्सेलिनच्या भट्टीचं तापमान चांदीच्या तारेने तपासता येतं, चांदी ९६१.८ °से.ला वितळते. सिंटरिंग भट्टीत मापाच्या कड्या ठेवून त्यांचा व्यास मोजतात. कमी भाजलेला झिर्कोनिया खडूसारखा दिसतो. रंगाचं द्रावण पूर्ण न वाळवता भट्टीत घातलं तर वाफेने तडे जातात, ते नंतर ग्लेझखाली लपतात.

तुकडा उडाला पण क्राउन ठेवायचा असेल

ढाचा उघडा नाही आणि तुकडा लहान आहे, तर कडा गोल करून पॉलिश करा, एवढं बस. थोडा मोठा असेल तर रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) लावून ३० मायक्रॉन सिलिका लावलेली वाळू मारा, पोर्सेलिनवर सायलेन, झिर्कोनिया दिसत असेल तिथे एमडीपी, पांढरेपणा झाकायला ओपेकर, मग कॉम्पोझिट. तोंडात एचएफ वापरण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. चावा नेमका त्याच तुकड्यावर येत असेल तर आधी समोरचा संपर्क काढा, नाहीतर कॉम्पोझिट महिन्याभरात हातात येईल. शेजारचा संपर्क गेला असेल किंवा मार्जिन उघडं पडलं असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, क्राउन कापून काढा. ३वाय कापायला जाड कणांचे खास डायमंड आणि भरपूर पाणी लागतं, आणि एका क्राउनला दोन-तीन बर सहज संपतात, तेवढे आधीच ट्रेमध्ये काढून ठेवा.